तालीम हाही वर्गच

महाविद्यालयात नाटक शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा दिवस बाकीचे प्राध्यापक घरी निघतात तेव्हा खऱ्या अर्थानं सुरू होतो. दिवसभरात रंगभूमीचा इतिहास, संहितेचं विश्लेषण, अभिनयाची मूलतत्त्वं असे दोन-तीन तास होऊन गेलेले असतात. संध्याकाळी तालीम. संस्थेच्या हिशेबात पहिलं काम ‘अध्यापन’ आणि दुसरं ‘उपक्रम’. बढतीच्या अर्जात शोधनिबंधांसाठी रकाने असतात, परिषदांसाठी असतात, समित्यांवरच्या कामासाठीही असतात. दीड महिना रोज रात्रीपर्यंत राबून उभं केलेलं नाटक बहुतेक वेळा ‘इतर’ या शेवटच्या रकान्यात एका ओळीत संपतं.

तालीम हा वर्ग आहे आणि विद्यापीठांनी ती वर्ग म्हणूनच मोजली पाहिजे, हे माझं म्हणणं. मात्र ते मान्य केलं की त्याच्यामागून येणारी दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. तालीम वर्ग असेल, तर तिथे उभा असलेला माणूस आधी शिक्षक आहे आणि मग दिग्दर्शक. नाट्यविभागांतून पहिली मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे. दुसरीबद्दल फार कमी बोललं जातं. मला या दोन्ही एकत्रच मांडायच्या आहेत, कारण दुसरीची तयारी नसेल तर पहिली मागायचा अधिकार उरत नाही.

आधी तासांचा हिशेब करू. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे साधारण 15 आठवडे, आठवड्याला तीन तास, एकूण 45 तास. पूर्ण लांबीचं नाटक बसवायला सहा आठवडे धरले, आठवड्यातल्या पाच संध्याकाळ आणि रोजचे तीन तास, तर 90 तास होतात. शेवटच्या आठवड्यातल्या तांत्रिक आणि रंगीत तालमी तीन तासांत कधीच आटपत नाहीत, ते तास वेगळे. संहिता शोधणं, प्रयोगाचे हक्क मिळवणं, पात्रनिवड, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या बैठका हे तर पहिल्या तालमीच्या आधीच झालेलं असतं. म्हणजे सत्राला एक नाटक बसवणारा प्राध्यापक कागदावर न दिसणारे किमान दोन जादा विषय शिकवत असतो. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला प्रात्यक्षिकाचे तास कामाच्या भारात मोजून मिळतात. प्रयोगशाळेतला वेळ हा त्याचा छंद आहे, असं कुणी म्हणत नाही.

यावर प्रशासनाकडून येणारं उत्तर ठरलेलं आहे: तालमीत शिकवलं काय जातं, ते दाखवा. हा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

पहिल्या आठवड्यात सगळे गोल बसून संहिता वाचतात. विद्यार्थी बहुधा वाक्यातली भावना वाचतो. राग लिहिलेला दिसला की आवाज चढवतो, दुःख दिसलं की खाली आणतो. शिक्षक त्याला थांबवून विचारतो, या माणसाला समोरच्याकडून आत्ता काय हवंय? हे वाक्य बोलून ते मिळेल असं त्याला का वाटतं? मिळालं नाही तर पुढच्या वाक्यात तो कोणती वेगळी वाट धरतो? हा सगळा प्रवास रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीच्या परंपरेतला आहे आणि जगभरच्या अभिनयवर्गांत तो या ना त्या रूपात चालतो. पण वर्गात हे प्रश्न समजणं वेगळं आणि तिसऱ्या अंकातल्या एका अवघड जागी, समोरचा नट रोज थोडं वेगळं वागत असताना त्यांची उत्तरं अंगात उतरणं वेगळं. ते तालमीतच होतं, आणि पाचव्या-सहाव्या वेळी होतं. दुसऱ्याचं मन त्याच्या शब्दांवरून आणि वागण्यावरून वाचायचं हे इतकं कसून दिलेलं शिक्षण विद्यापीठात दुसरीकडे मला तरी दिसलेलं नाही.

रंगमंचावर न दिसणाऱ्या मुलांकडे तर लक्षच जात नाही. रंगमंच व्यवस्थापनाची जबाबदारी घेतलेली विशीतली मुलगी संहितेच्या प्रतीत प्रत्येक पात्राची प्रत्येक हालचाल टिपते, बदलली की खोडून पुन्हा टिपते. कोण उशिरा येतं, कोणाचा संवाद रोज त्याच जागी अडतो, कुठली वस्तू कोणत्या विंगेत हवी, हे सगळं तिच्या वहीत असतं. प्रयोगाच्या रात्री पडदा वर गेला की दिग्दर्शकाच्या हातात काही उरत नाही. प्रकाश आणि ध्वनीचा प्रत्येक क्यू, म्हणजे बदलाचा इशारा, तीच देते. एखादा नट अर्धं पान गाळून पुढे गेला, तर मधले चार क्यू सोडून पाचवा कधी द्यायचा, हा निर्णय तिला दोन सेकंदांत घ्यावा लागतो, आणि सभागृहातल्या कुणालाही तो कळता कामा नये. नेपथ्य करणारा विद्यार्थी कागदावर सुंदर दरवाजा काढतो. तालमीत कळतं की तो उघडला की डावीकडच्या तीन रांगांना मागचं काहीच दिसत नाही. मग तो मोजतो, भांडतो, मोडतो, पुन्हा बांधतो, आणि हे सगळं ठरलेल्या तारखेच्या आत. ती तारीख पुढे ढकलता येत नाही, ही गोष्टही शिक्षणाचाच भाग आहे. निबंधाला मुदतवाढ मिळते, पहिल्या प्रयोगाला मिळत नाही.

हे सगळं शिकवण्यात प्राध्यापकाचं कौशल्य पणाला लागतं, आणि त्यातलं बरंचसं न बोलण्याचं असतं. एखादी जागा स्वतः करून दाखवली तर पाच मिनिटांत काम होतं. विद्यार्थ्याला ती सापडू द्यायची तर तीन संध्याकाळी जातात. चांगला शिक्षक त्या तीन संध्याकाळी देतो, वेळापत्रक गळ्याशी आलेलं असतानाही देतो. त्याच्या कामाची किंमत करायची तर ती इथे करावी लागेल.

विद्यापीठ आणि नाटक यांचं हे अवघडलेलं नातं जुनं आहे. जॉर्ज पियर्स बेकर हार्वर्डच्या इंग्रजी विभागात प्राध्यापक होते. वादविवाद आणि युक्तिवाद या विषयावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक 1895 चं. पुढे त्यांनी नाट्यलेखनाचा वर्ग सुरू केला आणि वर्गात लिहिलेली नाटकं करून पाहता यावीत म्हणून त्याला जोडून एक कार्यशाळा उभी केली. मूळ अभ्यासक्रमाच्या क्रमांकावरून ती ‘47 वर्कशॉप’ म्हणून ओळखली गेली. लिहिलेलं नाटक प्रेक्षकांपुढे उभं राहिल्याशिवाय लेखकाला त्यातलं काय चालतं आणि काय पडतं ते कळत नाही, हा बेकर यांचा साधा आग्रह. यूजीन ओनील 1914-15 मध्ये त्यांच्या वर्गात होते. ते पुढे अमेरिकेचे सर्वांत मोठे नाटककार ठरले आणि 1936 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एवढं होऊनही हार्वर्डनं बेकर यांना ना स्वतंत्र विभाग दिला, ना नाट्यगृह. 1925 मध्ये एका मोठ्या देणगीच्या बळावर येल विद्यापीठानं दोन्ही देऊ केलं आणि ते तिकडे गेले. हार्वर्डमध्ये रंगभूमी, नृत्य आणि माध्यमं यांची स्वतंत्र पदवीपूर्व शाखा सुरू झाली ती 2015 मध्ये. बेकर गेल्यानंतर 90 वर्षांनी.

या उदाहरणात मला एक धोकाही दिसतो. बेकर यांचं नाव आपण घेतो ते ओनीलमुळे. नाट्यविभागांनाही ही सवय लागली आहे. अस्तित्वावर प्रश्न आला की ते प्रसिद्ध झालेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी पुढे करतात. ही यादी पुढे करणं मला चूक वाटतं, कारण ती मोजपट्टी प्रतिपक्षाच्या हातात देते. दहा वर्षांत कुणी नामांकित झालं नाही, तर विभाग बंद करायचा का? महाविद्यालयातल्या नाट्यवर्गात येणारे बहुसंख्य विद्यार्थी नट होत नाहीत. ते वकील, शिक्षक, डॉक्टर, कारकून होतात. त्यांना दिलेलं शिक्षण वाया गेलं असं मानायचं असेल, तर गणिताचा विभागही गणितज्ञांपुरताच ठेवावा लागेल.

व्यावसायिक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांची गोष्ट निराळी आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेनं 1914 मध्ये नाट्यकलेची पदवी सुरू केली. तिथे येणारा विद्यार्थी ती कला पोटापाण्यासाठी शिकायला येत होता. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी 1962 ते 1977 अशी 15 वर्षं संचालक होते. त्यांची करडी शिस्त, मोठ्या आकाराची निर्मिती आणि तपशिलाबद्दलचा हट्ट हे सगळं त्या संस्थेच्या हेतूला धरून होतं. नाटक हाच व्यवसाय करणाऱ्या पिढ्या घडवायच्या होत्या आणि त्या घडल्या. मात्र महाविद्यालयातला प्राध्यापक जेव्हा अल्काझींच्या खुर्चीत स्वतःला बसवतो, तेव्हा त्याच्यासमोर बसलेला विद्यार्थी वेगळा आहे, हे तो विसरतो.

इथून मी दुसऱ्या मागणीकडे येतो, आणि इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे.

महाविद्यालयातल्या पात्रनिवडीत रोज एक अन्याय होतो आणि त्याला गुणवत्ता म्हटलं जातं. पहिल्या वर्षाला एक मुलगा येतो, आवाज तयार, उभं राहणं सहज. त्याला मुख्य भूमिका मिळते. दुसऱ्या वर्षी पुन्हा त्यालाच, कारण आता त्याला अनुभव आहे. तिसऱ्या वर्षी प्रश्नच नसतो. त्याच्यासोबत आलेली, आवाज आत ओढून बोलणारी मुलगी तीन वर्षं कपडे सांभाळते आणि निरोप आणणाऱ्या दासीची दोन वाक्यं बोलून पदवी घेते. प्रयोग उत्तम होतात, कुलगुरू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतात. पण शिकण्याची गरज सर्वांत जास्त कुणाला होती? व्यावसायिक दिग्दर्शकानं भूमिकेसाठी सर्वांत योग्य नट निवडावा, त्याचं ते कर्तव्यच आहे. शिक्षकानं विद्यार्थ्यासाठी योग्य भूमिका निवडावी. ही दोन उद्दिष्टं अनेकदा एकमेकांविरुद्ध जातात, आणि तेव्हा प्रयोग थोडा कच्चा राहिला तरी चालेल असं म्हणण्याची हिंमत शिक्षकाकडे हवी. तालीम वर्ग म्हणून मोजून घ्यायची आणि वर्गातल्या हुशार चौघांनाच शिकवायचं, हे दुसऱ्या कुठल्या विषयात खपलं असतं?

संहितेची निवडही याच कसोटीवर घासली पाहिजे. 40 विद्यार्थ्यांच्या विभागात पाच पात्रांचं नाटक तीन वर्षं सलग होत असेल, तर ते प्राध्यापकाच्या आवडीसाठी होतंय. त्याला ते नाटक आयुष्यात एकदा करायचं होतं आणि बाहेर कुणी संधी दिली नव्हती. ही भूक मी समजू शकतो. अनेक नाट्यप्राध्यापक चांगले रंगकर्मी असतात, नोकरीच्या स्थैर्यासाठी त्यांनी व्यावसायिक रंगभूमी सोडलेली असते आणि महाविद्यालयाचा रंगमंच हीच त्यांची उरलेली जागा असते. तरीही त्या भुकेसाठी विद्यार्थ्यांचे बिनपगारी हात वापरायचा हक्क त्यांना मिळत नाही.

सत्तेचा मुद्दा याहून गंभीर आहे. एकाच माणसाच्या हातात भूमिका, परीक्षेचे गुण आणि पुढच्या प्रवेशासाठीचं शिफारसपत्र असतं. तालीम रात्री असते, दार बंद असतं, आणि विद्यार्थ्याला शरीर आणि भावना दोन्ही उघडे टाकायला सांगितलेलं असतं. अशा खोलीत ओरडणं, अपमान करणं, ‘तुला तोडल्याशिवाय नट बाहेर येणार नाही’ या धर्तीचं बोलणं कलेच्या नावावर बरीच वर्षं खपवून घेतलं गेलं. शारीरिक जवळिकीच्या प्रसंगांसाठी आधी संमती घेणं, प्रत्येक स्पर्श हालचालीइतका नेमका ठरवून घेणं, त्यासाठी वेगळा प्रशिक्षित माणूस ठेवणं ही पद्धत अलीकडच्या काळात रुजते आहे. तिला कलास्वातंत्र्यावरचा घाला म्हणणारे प्राध्यापक मी ऐकले आहेत. मला त्यांचं म्हणणं मुळीच पटत नाही. तलवारबाजीचा प्रसंग पावलं मोजून बसवला तर त्यातला थरार कमी होतो, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आता शोधनिबंधांकडे. नाटक बसवणं हे संशोधन आहे का? प्रत्येक नाटक संशोधन नसतं, जसा प्रत्येक निबंधही नसतो. ठरलेल्या साच्यात बसवलेलं लोकप्रिय नाटक हे अध्यापन म्हणून मोजा, संशोधन म्हणून मोजू नका. पण जुन्या रंगमंचाची रचना पुन्हा उभी करून त्यावर त्या काळचं नाटक कसं चालतं हे तपासणारा प्राध्यापक, किंवा लोकांच्या साक्षींमधून संहिता घडवणारा प्राध्यापक, काहीतरी नवं शोधत असतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं जे राष्ट्रीय मूल्यमापन होतं, त्याच्या 2014 आणि 2021 च्या फेऱ्यांत नाट्यप्रयोगही संशोधन म्हणून सादर करता आले. अट एवढीच की प्रश्न काय होता, तो कसा तपासला आणि हाती काय लागलं, याची नोंद सोबत हवी. प्रयोग विरून जातो म्हणून तो मोजता येत नाही, या आक्षेपाला हे पुरेसं उत्तर आहे. संहितेची टिपणं असलेली प्रत, नेपथ्याचे आराखडे, तालमींची रोजनिशी, चित्रीकरण हे सगळं मागे उरतं.

ब्रिटनमधला पहिला विद्यापीठीय नाट्यविभाग 1947 मध्ये ब्रिस्टलला सुरू झाला. तिथले ग्लिन विकम इंग्लंडच्या मध्ययुगीन रंगमंचाचे मोठे इतिहासकार आणि स्वतः नाटकं करणारेही होते. इतिहास समजायचा तर नाटक उभं करून पाहावं लागतं, हा तिथला विचार. त्याच विभागात 1957 मध्ये हेन्री वुल्फ या विद्यार्थ्यानं आपल्या एका मित्राकडून नाटक लिहवून घेतलं आणि बसवलं. मित्राचं नाव हॅरोल्ड पिंटर आणि ते त्याचं पहिलं नाटक. इथे पिंटर पुढे मोठा नाटककार झाला याला मी महत्त्व देत नाही. तिकीटविक्रीची चिंता नसलेली, फसलं तरी कुणाचं दिवाळं न निघणारी जागा विद्यापीठानं ठेवली होती, म्हणून एका विद्यार्थ्याला तोवर नाव नसलेल्या लेखकाचं नाटक करून पाहता आलं. अशा जागा टिकवणं हे नाट्यप्राध्यापकाच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम आहे, आणि त्याच्यासाठी तर कुठलाच रकाना नाही.

कारकीर्द किती लांब पोचू शकते हे पाहायचं तर हॅली फ्लॅनॅगन यांच्याकडे पाहावं. अमेरिकेतल्या ग्रिनेल या लहान महाविद्यालयात त्या शिकल्या, तिथेच शिकवलं, बेकर यांच्या कार्यशाळेत काम केलं आणि 1925 मध्ये व्हॅसार महाविद्यालयात आल्या. तिथे त्यांनी प्रायोगिक रंगमंच चालवला. दुष्काळात पोळलेल्या शेतकऱ्यांवरचं नाटक त्यांनी 1931 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन केलं. महामंदीत बेकार झालेल्या रंगकर्मींना काम देण्यासाठी सरकारनं 1935 मध्ये फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढला, तेव्हा तो चालवायला एका महाविद्यालयीन प्राध्यापिकेला बोलावलं गेलं. ब्रॉडवेच्या निर्मात्यांनी नाकं मुरडली असतील. पण थोडक्या साधनांत, अनुभव नसलेल्या माणसांना घेऊन, आजच्या प्रश्नांवर नाटक कसं करायचं, हे ब्रॉडवेपेक्षा महाविद्यालयाच्या तालमीत जास्त शिकायला मिळतं. 1936 मध्ये एकच नाटक एकाच रात्री देशातल्या अनेक शहरांत उघडलं. 1938 मध्ये संसदीय समितीपुढे त्यांची उलटतपासणी झाली. त्यांच्या एका लेखात क्रिस्टोफर मार्लोचं नाव आलं होतं. हा मार्लो कम्युनिस्ट आहे का, असं एका सदस्यानं विचारलं. शेक्सपिअरच्या लगेच आधीच्या काळातला तो सर्वांत मोठा नाटककार होता, अशी नोंद करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. जून 1939 मध्ये निधी बंद करून प्रकल्प संपवला गेला आणि त्या पुन्हा अध्यापनाकडे वळल्या.

मग करायचं काय? एका निर्मितीचं दिग्दर्शन किमान एका पूर्ण विषयाइतकं काम म्हणून नियुक्तिपत्रातच लिहावं. यावर पैशांचा आक्षेप येईल: प्राध्यापक तालमीत मोजला, तर त्याचा वर्ग कोण घेणार? आक्षेप खरा आहे आणि त्याला माझं उत्तर विभागांना आवडणार नाही. नाटकं कमी करा. वर्षाला चार न मोजलेली नाटकं करून पन्नाशीत थकून जाणारा प्राध्यापक, आणि वर्षाला दोन मोजलेली, नीट शिकवलेली नाटकं करणारा प्राध्यापक, यांत मी दुसरा निवडेन. चार नाटकांची हौस बहुतेकदा संस्थेच्या माहितीपत्रकासाठी असते आणि तिची किंमत प्राध्यापकाचं घर चुकवतं. मुलं मोठी होण्याची सगळी वर्षं ज्याच्या संध्याकाळी तालमीत गेल्या, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि मूल्यमापनासाठी बाहेरचा जाणकार बोलवावा. अमेरिकेत 1969 पासून सुरू झालेल्या महाविद्यालयीन नाट्यमहोत्सवात बाहेरचे प्रतिसादक येऊन प्रयोग पाहतात आणि नंतर विद्यार्थ्यांशी बोलतात. पद्धत चांगली आहे, पण प्राध्यापकाचं मूल्यमापन करायचं तर पाहुण्याला पहिल्या प्रयोगाला बोलावून भागणार नाही. प्रयोगात दिवे, कपडे आणि टाळ्या असतात, शिक्षक कुठेच दिसत नाही. त्याला तिसऱ्या आठवड्यात बोलवावं, संहिता नुकती हातातून सुटलेली असते आणि सगळंच अडखळत असतं तेव्हा. कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं, चुकलेल्या मुलाला काय सांगितलं जातं, छोट्या भूमिकेतल्या मुलीला प्रश्न विचारता येतो का, हे त्यानं पाहावं. गेल्या तीन वर्षांच्या पात्रनिवडीच्या याद्या मागवून घ्याव्यात आणि दिग्दर्शक खोलीत नसताना विद्यार्थ्यांशी तासभर बोलावं. त्याचा अहवाल बढतीच्या फाइलमध्ये शोधनिबंधांच्या शेजारी, तितक्याच वजनानं लागला पाहिजे.